मिलिसाव पंच अकराव्या पानावर

पान १

गुरुवारी सकाळी पावणेआठला आमच्या बातमीदार यद्रांकाने 'व्हेस्निक'चा ताजा अंक माझ्या काउंटरवर आपटला आणि तिसरं पान उघडलं. पानभर आमचे महापौर हसत होते.

"मावशी, माझी बातमी कुठंय?"

बातमी गेली होती. आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला मी ती पानावर लागलेली पाहिली होती. वर मथळा, मध्ये फोटो, खाली उजव्या कोपऱ्यात मिलिसावच्या स्मरणाची चौकट. आता मथळा नाही, फोटो नाही, मिलिसावही नाही. महापौरांची मुलाखत मात्र होती. पहिला प्रश्न: इतकं काम करूनही तुम्ही थकत कसे नाही?

यद्रांकाची बातमी साधी होती. नागरिकांना खरी माहिती मिळावी म्हणून आमची नगरपालिका दरवर्षी वृत्तसंस्थांना अनुदान देते. यंदा सगळ्यात मोठं अनुदान ज्या संकेतस्थळाला मिळालं, त्याच्या कार्यालयाचा पत्ता शोधत ती गेली, तर तिथे गाड्या धुतात. संपादक कुठे आहेत, असं तिने विचारलं. पाइप धरलेला माणूस म्हणाला, "आतूनपण धुवायची का?" जागा महापौरांच्या कुमाच्या नावावर. कुम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला माणूस. सर्बियात सख्खा भाऊ त्याच्यानंतर येतो.

तीन महिने ती या बातमीमागे होती.

"छापखान्यात चुकलं असेल," मी म्हणाले.

"छापखान्यात महापौर आपोआप उगवतात का?"

पोरीचं बरोबर होतं.

पान १४

मी रोसांदा. तोपोलिक गावात, 'व्हेस्निक' साप्ताहिकाच्या तळमजल्यावर, एकतीस वर्षं निधनाच्या आणि स्मरणाच्या चौकटी घेते. पान तेरा ते सोळा माझी. कोण कोणाचा कोण लागतो, कोणाच्या अंत्ययात्रेला कोण आलं नाही आणि का, हे पोलिसांना विचारू नका, मला विचारा. त्या आठवड्यात मात्र माझी चारही पानं भरली होती, म्हणून मिलिसावला तिसऱ्या पानावर तळाशी जागा दिली.

त्याचा अर्ज माझ्याकडे आहे:

*मृताचे नाव: मिलिसाव रांजिच, फुटबॉल पंच.*
*मजकूर: आमच्या मिलिसावला जाऊन शनिवारी चाळीस दिवस होतात. सकाळी अकरा वाजता जुन्या दफनभूमीत प्रार्थना. येणाऱ्यांचे आभार.*
*देणार: पत्नी देसांका.*
*घेतला: सोमवार.*

देसांका पाकीट काढत होती तेवढ्यात आमचे संपादक तिहोमिर, मिलिसावचे कुम, जिन्यावरून उतरले. तिला तीनदा गालाला गाल लावून भेटले आणि म्हणाले, "कुमा, पाकीट आत ठेव. मला लाज आणू नकोस." पैसे त्यांनी दिले. मी पावती केली.

दुरुस्ती

दहा वाजता व्लादानने सगळ्यांना वर बोलावलं. मागच्या वर्षी बेलग्रेडच्या एका शेठने पेपर विकत घेतला, तेव्हा त्याच्याबरोबर हा संचालक आला. पातळ मोजे, महाग घड्याळ, आणि भिंतीवर सत्ताधारी पक्षाचं कॅलेंडर.

"चूक तांत्रिक आहे," तो म्हणाला. "तांत्रिक चुकीला तंत्रज्ञ जबाबदार."

तंत्रज्ञ म्हणजे स्रेतेन, पानं लावणारा. बावीस वर्षं आमच्याकडे. बायको आजारी, दोन मुली शिकतायत. तो खिडकीशी उभा होता, हात खिशात.

"मी पान बरोबर लावलं होतं."

"पाठवलं तुमच्या मशीनवरून."

"मशीन माझं. हात माझे नाहीत."

व्लादानने एक कागद पुढे सरकवला. *माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीचे पान छापले गेले. मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.* खाली रेघ.

"सोमवारी बारापर्यंत सही. नाही केलीत तर तक्रार पोलिसांत जाईल, मुद्दाम नुकसान केल्याची. मग कोणता पेपर तुम्हाला उभं करतो ते बघू."

"आणि केलं कोणी ते शोधायचं नाही?" यद्रांका म्हणाली.

"बाळ," व्लादान म्हणाला, "पत्रकार संघटनेचा सकाळपासून दोनदा फोन आला. त्यांना उत्तर हवंय. मला सही हवीय. यात शोधायचं काय?"

तिहोमिर टेबलाच्या टोकाला बसले होते. त्र्याण्णव साली, युद्धाच्या काळात, वरून आलेला खोटा मजकूर छापायला त्यांनी नकार दिला आणि तीन वर्षं बाजारात मिरच्या विकल्या. गावात अजून लोक त्यांना बघून टोपी काढतात. त्या दिवशी ते टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिले.

स्रेतेन निघून गेला. ताजा अंक त्याच्यासमोरच पडला होता. तो त्याने हातातही घेतला नाही.

छोट्या जाहिराती

अकराला टायरवाला द्रागुतिन आला.

"माझी जाहिरात कुठंय? हिवाळी टायर, अकरावं पान, डावीकडे. तीन वर्षं त्याच जागी आहे."

"नाहीये?"

"माझ्या टायरांच्या जागी मेलेला माणूस बसलाय, रोसा. गिऱ्हाईक काय समजेल, माझे टायर लावून मेला?"

मी अकरावं पान उघडलं. मिलिसाव. चौकटीची डावी रेघ जाड, उजवी बारीक, आणि मजकूर:

*आमच्या मिलिसावला जाऊन शनिवारी चाळीस दिवस होतात. सकाळी दहा वाजता जुन्या दफनभूमीत प्रार्थना. येणाऱ्यांचे आभार.*

मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीवरून उठले आणि द्रागुतिनला कॉफी दिली. त्याला वाटलं मी दिलगीर आहे. मी विचार करत होते. ज्याने यद्रांकाची बातमी कापली, त्याला पूर्ण पान हवं होतं. खालचा मिलिसाव त्याला आडवा येत होता. सरळ पुसता आला असता. त्याने तसं केलं नाही. घाईत, चोरून, पकडले जाण्याच्या भीतीत तो थांबला, अकराव्या पानावर गेला, टायर काढले आणि मेलेल्या माणसाला नीट बसवलं.

म्हणजे चोर आमच्यातला होता. मिलिसावची चौकट टाकून देणं ज्याला जमलं नाही, असा.

चौकट मी तीनदा वाचली आणि तरी मुख्य गोष्ट मला दिसली नाही. माझं लक्ष जागेवर होतं.

मुलाखती

*स्रेतेन, त्याच्या स्वयंपाकघरात, गुरुवार दुपार.*

पानं किती वाजता तयार झाली?
"पावणेचारला. चारला मी खाली खाणावळीत गेलो. बुधवार, उपास, म्हणून तेलातला पासुल, नुसता घेवडा. पावणेपाचला वर आलो, पाचला छापखान्याने पानं उचलली. मी परत उघडून पाहिली नाहीत. बावीस वर्षांत कधी पाहिली नाहीत."
पासवर्ड?
"पडद्यावर चिकटवलाय, मावशी. मीच विसरतो ना."
मिलिसावला ओळखायचास?
"तीन वेळा लाल कार्ड दाखवलं मला त्याने. दोनदा चुकीचं होतं." मग थोड्या वेळाने, "तिसऱ्यांदा बरोबर होतं."
सही करणार?
"न करून काय करू? बायकोचं औषध पोलीस आणून देणार आहेत का?"

*यद्रांका, जिन्यात, गुरुवार संध्याकाळ.*

बुधवारी चार ते पावणेपाच कुठे होतीस?
"माझ्यावरच संशय?"
सगळ्यांवर. स्वतःवरही. मी माझ्या काउंटरवर होते, आणि मला ते मशीन चालू कसं करायचं तेही येत नाही.
"मी मफलर विसरले होते, सव्वाचारला घ्यायला आले. संपादकांच्या आणि व्लादानच्या खोलीत दिवे होते. स्रेतेनच्या खोलीचं दार बंद होतं."
महापौरांची मुलाखत कुठून आली?
"नगरपालिका दर बुधवारी दुपारी सगळ्यांना पाठवते. प्रश्नही तेच लिहितात, उत्तरंही."

*व्लादान, त्याच्या खोलीत, शुक्रवार सकाळ.*

पान तुम्ही बदललंत?
"रोसांदाबाई, मला बदलायचं असतं तर मी संपादकांना सांगितलं असतं. चोरून कशाला? पगार मी देतो."
मग सांगितलं का नाही?
"सांगणार होतो, गुरुवारी. मला वाटलं बातमी पुढच्या अंकात आहे. कोणीतरी माझं काम माझ्याआधी करून ठेवलं. आभार मानायला हवेत, पण नाव कळत नाही."
मिलिसाव रांजिच कोण?
"कोणत्या पक्षाचा?"

*संपादक तिहोमिर. शुक्रवार दुपार.*

यांची मुलाखत झाली नाही. मी वर गेले तेव्हा त्यांची मुलगी बिसेनिया केक कापत होती. आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. सहा वर्षं दर तीन महिन्यांनी तिचा करार वाढवतात, दर वेळी ती आठवडाभर जेवत नाही. आता तिला कायम केलं होतं. आनंदाची गोष्ट झाली की लोकांना खायला घालायलाच हवं, नाहीतर गाव बोलतं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. अक्रोडाचा होता, उत्तम.

"तू घे ना, बाबा," ती म्हणाली.

"माझं पोट बरं नाही," तिहोमिर म्हणाले.

हवामान

शनिवारी कोशावा वाहील. पूर्वेकडून, कोरडा, मेणबत्त्या विझवणारा.

क्रीडा

दहाच्या प्रार्थनेला तीसेक माणसं होती. पंचाच्या मानाने खूप. पाद्री भराभर म्हणत होते, वारा त्यांची दाढी खांद्यावर नेत होता. शिजवलेला गहू, लाल वाइन, कोणीतरी आणलेली शिट्टी थडग्यावर ठेवलेली. तिहोमिर देसांकाच्या उजव्या हाताला, कुमाच्या जागी. व्लादान नव्हता. यद्रांका आली होती, माझ्यासोबत, कारण मी तिला ओढत आणलं.

प्रार्थना संपली तशी देसांका माझ्याकडे आली, दोन्ही हात धरले.

"रोसा, देव तुझं भलं करो. वेळ दुरुस्त केलीस. मी गडबडीत तुला फोन करायचा विसरले, आणि गुरुवारी पेपर बघते तर दहा छापलेलं."

मला सोमवारचा अर्ज आठवला.

"तू अकरा दिलेलं."

"हो गं, पण बुधवारी दुपारी पाद्री बोलले, अकराला त्यांच्याकडे बारसं आहे, दहाला करू."

"बुधवारी दुपारी. कोणाला सांगितलंस?"

"बहिणीला, निशला. आणि कुमाला. कुम म्हणाला, काळजी करू नकोस, मी बाकीच्यांना सांगतो."

तिने माझ्या हातावर गहू ठेवला. मी तो खाल्ला. चव लागली नाही.

यद्रांकाने सगळं ऐकलं होतं. तिने माझी बाही धरली. "नाही," ती म्हणाली. "मावशी, नाही. त्यांनीच मला सांगितलं होतं, लिही, मी छापतो."

"स्रेतेनलाही बाहेरून कळलं असेल की दहा," मी म्हणाले. "एवढ्यावर माणूस अडकवायचा नसतो."

लोक पांगले. मी यद्रांकाला पाठवून दिलं आणि मिलिसावच्या शेजारच्या बाकावर बसून राहिले. कशासाठी, ते मला नीट माहीत होतं.

अकराला पाच मिनिटं असताना फाटकातून स्रेतेन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मेणबत्त्या. थडग्यापाशी कोणी नाही हे पाहून त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी लवकर आलो का?"

"उशिरा. दहाला होतं."

"अकराला होतं, मावशी. मी स्वतः लावलंय. अकरा."

"पेपर नाही पाहिलास?"

"खड्ड्यात गेला पेपर," तो म्हणाला, आणि वाकून मेणबत्ती लावायला लागला. ती चार वेळा विझली. मी पदर नसलेली बाई, कोट उघडून आडोसा केला.

संपादकीय

सोमवारी सकाळी नऊला मी तिहोमिरना खाली बोलावलं. लोक मृतांबद्दल सांगायला ज्या खुर्चीवर बसतात, तिथे ते बसले. एकटे असलो की मी त्यांना तू म्हणते. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो.

"चहा?"

"बोल, रोसा."

"बुधवारी पावणेचारला पान तीनवर अकरा होतं. पाचला छापखान्यात दहा गेलं. मधल्या वेळात ज्याने पान बदललं त्याने वेळही बदलली, आणि त्याला वेळ बदललीय हे माहीत होतं. व्लादानला मिलिसाव कोण हेच माहीत नाही. त्याने चौकट पुसली असती. यद्रांकाला देसांकाने सांगितलं नाही, आणि स्वतःच्या तीन महिन्यांच्या कामावर कोणी महापौर चिकटवत नाही. स्रेतेन शनिवारी अकराला आला, मेणबत्त्या घेऊन. दहा ज्याने टाइप केलं, तो अकराला येत नाही."

त्यांनी समोरचा अर्जांचा गठ्ठा सरळ केला.

"चौकटीची एक रेघ जाड आहे. स्रेतेनने झोपेत काढली तरी सारखी येते. ज्याला हे काम नेहमीचं नाही त्याची येत नाही. मग उरतं कोण, तिहोमिर?"

"केकवरून कळलं ना तुला?"

"केकवरून कारण कळलं. माणूस देसांकाने सांगितला, आभार मानताना."

बाहेर कोणीतरी शिट्टी वाजवत गेलं. तिहोमिरनी चष्मा काढला.

"महापौरांचा फोन आला होता. बुधवारी तीनला. धमकी वगैरे काही नाही. म्हणाले, तिहोमिर, तुमच्या मुलीचं काम आज माझ्या टेबलावर आहे, बघा, योगायोग. बस एवढंच. सहा वर्षं, रोसा. दर तीन महिन्यांनी मी तिला बाथरूममध्ये रडताना ऐकलंय. त्र्याण्णव साली मी एकटा होतो. मिरच्या विकणं सोपं होतं."

"मला ते कळतं."

"मग?"

"बातमी काढलीस, तेही कळतं. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, सांगता येत नाही. पण गुरुवारी त्या खोलीत तू पेल्याकडे बघत बसलास. मेलेल्या माणसाला तू टायरवाल्याची जागा दिलीस, त्याची वेळ दुरुस्त केलीस, रेघ काढत बसलास. जिवंत माणूस खिडकीशी उभा होता. त्याला एक ओळ नाही दिलीस."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मला वाटलं, मी बोलेन. उद्या बोलेन. रोज वाटत होतं."

"बारा वाजता तो सही करेल."

त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन ओढला. मला फक्त त्यांची बाजू ऐकू आली.

"बिसेनिया... नाही, बरा आहे... ऐक. तुझी नोकरी मी कशी... हो. हो, तेच. मीच." मग खूप वेळ फक्त ऐकणं. "नाही, विचारायला हवं होतं. बरोबर आहे. तुला विचारायला हवं होतं."

फोन ठेवला. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, आधी स्रेतेनकडे जा, मग घरी ये."

मी त्यांना कोरा अर्ज दिला आणि पेन दिलं.

साडेअकराला ते वर गेले, पान मी बदललं, सही मीच करतो म्हणाले. व्लादान काय म्हणाला ते मला स्रेतेनने सांगितलं: आधी हसला, मग म्हणाला संपादकाची सही त्याला नको, तंत्रज्ञाची हवी. तेव्हा तिहोमिरनी तो टाइप केलेला कागद उचलला, दोन तुकडे केले आणि कोटाच्या खिशात घातले. पत्रकार संघटनेला त्यांनी आधीच फोन केला होता, स्वतःच्या नावाने. पोलिसांत जायचं तर आता माझ्याविरुद्ध जा, म्हणाले, आणि महापौरांना साक्षीला बोलवा.

व्लादानने महापौरांचं नाव ऐकलं आणि तक्रारीचा विषय सोडून दिला. तिहोमिरना मात्र सांगितलं की आठवड्याच्या शेवटी निघा, आणि यातलं एक अक्षर पेपरात येता कामा नये.

पान १४, पुढील अंक

व्लादान आता छापण्याआधी पानं वाचतो, हे खरं. पण माणूस मृतांच्या पानांना भितो. पहिली बारा बघतो, तेरावं आलं की हात मागे घेतो. गाव उलटं वाचतं: आधी माझी चार पानं, मग कॉफी, मग वेळ उरला तर महापौर.

बुधवारी स्रेतेनने पान चौदा लावलं. मी त्याच्या मागे उभी होते. चौकट काळी, चारही बाजूंनी सारखी. आत:

*गेल्या अंकाच्या तिसऱ्या पानावरील बातमी मी, संपादक तिहोमिर सावकोविच, महापौरांच्या फोननंतर माझ्या हाताने काढली. पानं लावणारे स्रेतेन यांचा त्यात काहीही दोष नाही. त्यांची मी माफी मागतो. काढलेली बातमी खाली पूर्ण देत आहे.*
*देणार: मी स्वतः.*

आणि खाली यद्रांकाची गाडी धुण्याची जागा, फोटोसकट, पाइपवाल्यासकट, कुमाच्या नावासकट. पूर्ण पान.

"फोटो थोडा मोठा करू?" स्रेतेनने विचारलं.

"पाटी वाचता येईल एवढा कर."

या वेळी तो पाचपर्यंत खुर्चीवरून हलला नाही. पासुल मी वर मागवला.

गुरुवारी साडेसातला टपरीवरचे अंक संपले. आठला टपरीवाली स्वतः माझ्याकडे आली, आणखी आहेत का विचारायला. बिसेनियाने आरोग्य केंद्रातून कळवलं की डॉक्टरांच्या खोलीत पान चौदा काचेवर चिकटवलंय आणि तिला अजून कोणी काही बोललेलं नाही. बोलले तर ती उत्तर देईल, आता तिला येतं.

साडेआठला बेलग्रेडहून फोन आला. व्लादान तिथे शेठकडे गेला होता.

"रोसांदाबाई, हे चौदाव्या पानावर काय आहे?"

"चौकट आहे. अर्ज भरलाय, सही आहे, पावती आहे."

"तुमच्या पानांवर फक्त निधनाच्या चौकटी येतात."

"बहुतेक."

"मग मेलंय कोण?"

वर स्रेतेनची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नव्या अंकाचं पहिलं पान लावायला बसला होता.

"अजून तरी कोणी नाही," मी म्हणाले. "सगळे कामावर आहेत."